म्हातारपणाची सोय : घरची आणि गावची

पुण्याला 'पेन्शनरांचे गाव' म्हणण्याची जुनी रीत आहे. तीत थोडी थट्टा आहे, थोडे कौतुकही आहे. पहाटे पर्वतीच्या पायऱ्या चढणारा, दुपारी वाचनालयात वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा आणि वैशाखातल्या संध्याकाळी व्याख्यानाला पुढच्या रांगेतली खुर्ची धरून बसणारा गृहस्थ हे त्या पेन्शनराचे ठरलेले चित्र. त्याला दरमहा निवृत्तिवेतन मिळते, घर स्वतःचे असते, पाय धड असतात आणि स्वयंपाकघरात कोणीतरी त्याच्या जेवणाची वेळ सांभाळीत असते. हे चित्र खोटे नव्हते. पण ते फार थोड्यांचे होते. निवृत्तांचा प्रश्न ह्या एका चित्रावरून सोडवावयास गेलो, तर आपला हिशेब आरंभीच चुकेल. म्हणून निवृत्त किती आहेत, कोण आहेत आणि त्यांना काय लागते, ह्या तीन गोष्टींचा क्रमाने विचार करू.

निवृत्त किती आणि कोण?

१९६१ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या देशात सुमारे अडीच कोटी होती, म्हणजे शंभरांत पाच-सहा. २०११ च्या जनगणनेत ती दहा कोटींच्या वर गेली, म्हणजे शंभरांत आठ ते नऊ. महाराष्ट्रात हे प्रमाण त्याच वेळी दहाच्या घरात पोचले होते आणि संख्या एक कोटीहून अधिक होती. लोकसंख्येच्या अधिकृत अंदाजानुसार २०३६ साली देशातील दर सात माणसांत एक साठीपलीकडचा असेल. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते सत्तरीच्या आसपास आहे. पूर्वीची सरासरी मुख्यतः बालमृत्यूंमुळे खाली ओढली जात असे, हे लक्षात ठेवले पाहिजे. साठी गाठणारी माणसे तेव्हाही होतीच. परंतु आज साठी गाठणारे पुष्कळ आहेत, आणि साठी गाठलेल्या माणसापुढे सरासरीने आणखी अठरा वर्षांचे आयुष्य असते. एका पिढीच्या आयुष्याला जोडला गेलेला हा नवा अध्याय आहे, आणि त्यासाठीची व्यवस्था मात्र आपण अजून केलेली नाही.

आता हे निवृत्त कोण, ते पाहू. निवृत्त म्हटले की शाल, श्रीफळ, हार आणि निरोपाची भाषणे डोळ्यांसमोर येतात. पण आपल्या देशातील बहुसंख्य माणसांच्या आयुष्यात निरोपसमारंभ नसतो. शेतमजूर, बांधकामावरचा गवंडी, हातगाडीवाला, चार घरची धुणीभांडी करणारी बाई ह्यांना कोणी निवृत्त करीत नाही. हातपाय चालेनासे झाले की ती निवृत्त होतात. मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली देशभर जी पाहणी केली, तीत साठीपलीकडच्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक माणसे अद्याप काम करीत असल्याचे आढळले. त्यांतील पुष्कळजण हौसेने नव्हे, तर पोटासाठी काम करतात, हे सांगावयास पाहणीची गरज नाही.

तेव्हा निवृत्तांचे तीन वर्ग पडतात. पहिला पूर्ण निवृत्तिवेतन मिळणाऱ्यांचा. दुसरा खाजगी कारखाने व कचेऱ्यांतून बाहेर पडलेल्यांचा; त्यांच्या निवृत्तिवेतन योजनेतील किमान रक्कम २०१४ साली दरमहा १,००० रुपये ठरली. तिसरा आणि सर्वांत मोठा वर्ग काहीच न मिळणाऱ्यांचा. ह्यांतील दरिद्री वृद्धांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. तिची रक्कम २०२३ साली दरमहा १,५०० रुपये झाली. पहिल्या वर्गाचाही पाया पूर्वीइतका पक्का राहिलेला नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नोकरांना वर्गणीवर आधारलेली योजना लागू केली.

पैशाचा प्रश्न महत्त्वाचा आहे, ह्यात शंका नाही. पण तो सुटला म्हणजे सारे सुटले, असे मात्र नाही. ज्यांना भरघोस निवृत्तिवेतन मिळते अशा घरांतही, पत्नीला स्मृतिभ्रंश झाला किंवा पती अंथरुणाला खिळला की पैसा हातात घेऊन माणूस वणवण फिरतो आणि भरवशाची सेवा काही मिळत नाही. कारण ती सेवा गावात उभीच राहिलेली नसते. ती कोणती व ती का नाही, हा आजचा मुख्य विषय आहे.

तीन टप्पे, तीन प्रकारच्या गरजा

म्हातारपण ही एकच अवस्था नव्हे. पंचविशीतील आणि पन्नाशीतील माणसाला आपण एका वर्गात घालीत नाही. मग साठीच्या आणि पंच्याऐंशीच्या माणसाला 'ज्येष्ठ' ह्या एका शब्दात का गुंडाळावे?

पहिला टप्पा साधारणपणे साठ ते सत्तरचा. ह्या वयात बहुतेकांची प्रकृती बरी असते. गरज असते ती कामाची, सोबतीची आणि सुलभ व्यवहारांची. ह्या बाबतीत महाराष्ट्राने पुष्कळ केले आहे. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ, नगरपालिकांची विरंगुळा केंद्रे, बागांतले हास्यक्लब ही त्याची उदाहरणे. हास्यक्लबाची प्रथा तर १९९५ साली मुंबईतल्याच एका बागेत पाच माणसांनी सुरू केली आणि ती जगभर गेली. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस. टी.चा प्रवास विनामूल्य झाला. ह्याउलट रेल्वेच्या तिकिटातील ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली.

दुसरा टप्पा सत्तर ते ऐंशीचा. रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी ह्यांपैकी एखादे तरी दुखणे आता कायमचे सोबती झालेले असते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो, ऐकू कमी येते, दातांची कवळी बसते. औषध एक दिवसाचे नसते, जन्माचे असते. ह्या वयात माणूस दवाखान्यात जाऊ शकतो, पण तेथवर जाणे हेच एक काम होऊन बसते. म्हणून ह्या टप्प्यावरची सेवा म्हणजे अंतर कमी करणे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्तरीवरील खातेदारांना पैसे घरपोच देण्याची व्यवस्था करण्याविषयी बँकांना सूचना दिल्या. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी रांगेत उभे राहण्याचे कष्टही २०१४ पासून यंत्राच्या साहाय्याने, आणि पुढे पोस्टमनमार्फत घरबसल्या, कमी होऊ शकले. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यासाठी जिना उतरावा लागू नये, एवढी साधी ही गोष्ट. पण तिच्यामागचे तत्त्व मोठे आहे. माणसाने सेवेकडे जावे असे न म्हणता सेवेने माणसाकडे जावे, हे ते तत्त्व.

ह्याच टप्प्यावर एक शत्रू घरातच दबा धरून असतो, तो म्हणजे पडणे. ओली न्हाणी, गुळगुळीत फरशी, रात्रीचा अंधार आणि दाराचा उंच उंबरठा. न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा, खरखरीत फरशी, बिछान्यापासून शौचालयापर्यंत रात्रभर मिणमिणता दिवा, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा : ह्यांचा खर्च इस्पितळाच्या खर्चापुढे थोडाच असतो. तरी तो आपण हाड मोडल्यानंतर करतो.

तिसरा टप्पा ऐंशीच्या पुढचा. काहींचा तो आधीच येतो. येथे माणसाला आंघोळ, कपडे, जेवण, शौच ह्यांसाठी दुसऱ्याचा हात लागतो. साठीपलीकडच्या शंभरांत सात जणांना स्मृतिभ्रंशाचा विकार असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला आहे. देशभर ही संख्या ८८ लाखांच्या आसपास भरते. अशा माणसाला औषधापेक्षा चोवीस तासांची नजर लागते. आणि नेमक्या ह्याच ठिकाणी आपली व्यवस्था संपते.

घर आणि इस्पितळ ह्यांमधली मोकळी जागा

एक साधे उदाहरण घेऊ. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई न्हाणीत घसरतात. खुब्याचे हाड मोडते. शहरात उत्तम शस्त्रक्रिया होते. २०२४ च्या ऑक्टोबरात आयुष्मान भारत योजना सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, खुली झाली; तिच्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु ही योजना मुख्यतः इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. काही दिवसांनी बाईंना घरी पाठविले जाते आणि खरा प्रश्न तेव्हा सुरू होतो. त्यांना दर दोन तासांनी कुशीवर कोण वळवणार? पाठीला जखमा होऊ लागल्या तर त्या धुणार कोण? लघवीची नळी कोण बदलणार? पुन्हा चालावयास कोण शिकवणार? तिसऱ्या मजल्यावरच्या, उद्वाहक नसलेल्या घरातून तपासणीसाठी त्यांना खाली कोण उतरवणार?

ह्या प्रश्नांचे उत्तर आपल्याकडे एकच आहे : घरातली बाई. ती सून असेल, मुलगी असेल किंवा स्वतःच पंचाहत्तरीची पत्नी असेल. तिने नोकरी सोडावी, झोप सोडावी, माहेरचे लग्नकार्य सोडावे आणि ह्याबद्दल कोणी काही बोलू नये, अशी ही व्यवस्था आहे. तिला वेतन नाही, रजा नाही, शिक्षण नाही. आणि तिचे स्वतःचे म्हातारपण आले, की ते बहुधा वैधव्यात जाते. कारण स्त्रिया अधिक जगतात आणि लग्नात वयाने लहान असतात. सर्वांची सेवा करणारीच शेवटी सेवेवाचून राहते.

ह्यावर कोणी म्हणेल, "आपली संस्कृती निराळी आहे. एकत्र कुटुंब मोडले म्हणून हे झाले." ह्या आक्षेपाचा आदराने विचार केला पाहिजे; पण विचार आकड्यांनी करावा. पूर्वी एका वृद्धामागे चार-पाच मुलगे-मुली हयात असत आणि ऐंशीपलीकडचे वृद्ध थोडे असत. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील स्त्रीमागे सरासरी अपत्ये १.७ आढळली. दोन अपत्यांच्या घरात एक परदेशी किंवा बंगळुरास असले, तर चार वृद्धांची, म्हणजे आईबापांची आणि सासूसासऱ्यांची, जबाबदारी एका जोडप्यावर येते. त्या जोडप्यातील दोघेही कमावते असतात. तसे नसतील तर घराचे हप्ते फिटत नाहीत. हा माया आटल्याचा प्रश्न नाही. माया तेवढीच आहे, हात कमी झाले आहेत.

कायद्याने काय होते? २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या चरितार्थाचा कायदा झाला. मुलांनी पोसण्याचे नाकारले तर न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट पाळली नाही तर परत मिळवता येते. प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी वृद्धाश्रम असावा, अशीही तरतूद त्यात आहे. कायदा चांगला आहे आणि तो प्रत्येक वृद्धाला माहीत असावयास हवा. पण कायदा पोटगी मिळवून देईल. रात्री दोन वाजता पाण्याचा पेला तोंडाशी धरणार नाही. ज्या घरात मुलगा व सून आनंदाने करावयास तयार आहेत परंतु थकून गेली आहेत, त्या घराला तर कायद्याचा काहीच उपयोग नाही. आणि अशीच घरे अधिक आहेत.

वृद्धाश्रम हे उत्तर आहे काय? निराधारांना आणि ज्यांना स्वेच्छेने तेथे राहावयाचे आहे त्यांना त्याची गरज आहे. डेव्हिड ससून ह्यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकातच पुण्यात असे आश्रयस्थान उभे राहिले आणि 'निवारा' ह्या नावाने ते आजही चालू आहे. परंतु कोट्यवधींना आश्रमात ठेवणे शक्य नाही आणि त्यांना ते नकोही आहे. माणसाला आपली खिडकी, आपला देव्हारा आणि आपल्या ओळखीचा भाजीवाला हवा असतो. तेव्हा माणूस घरीच राहील आणि तरीही घर मोडणार नाही, अशी तिसरी वाट शोधली पाहिजे.

दुसऱ्यांनी काय केले?

ही अडचण जपानपुढे आपल्या आधी आली. तेथेही सुनेनेच सासूसासऱ्यांची शुश्रूषा करावी असा रिवाज होता. घरी करणारे कोणी नाही म्हणून वृद्धांना महिनोन्‌महिने इस्पितळात ठेवण्याची वहिवाट पडली आणि खर्च हाताबाहेर गेला. १९९७ साली कायदा झाला आणि एप्रिल २००० पासून शुश्रूषा विमा सुरू झाला. चाळिशी ओलांडलेला प्रत्येकजण त्याची वर्गणी भरतो. निम्मा पैसा वर्गणीतून येतो, निम्मा करांतून. विम्याचा कारभार गावच्या नगरपालिकेकडे आहे. वृद्धाने अर्ज केला की तपासनीस घरी येतो, ठरलेले प्रश्न विचारतो आणि माणसाला किती मदत लागते ती पायरी ठरते. मग एक जाणकार व्यवस्थापक आठवड्याचे वेळापत्रक आखून देतो. दोन सकाळी आंघोळीसाठी मदतनीस, तीन दिवस दिवसाचे केंद्र, महिन्यातून काही दिवस तात्पुरता निवास, असे त्याचे स्वरूप असते. बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्सा भरावा लागतो, अधिक उत्पन्न असणाऱ्यांना त्याहून जास्त.

ह्या योजनेत एक बारकावा आहे. जर्मनीने १९९५ साली सुरू केलेल्या अशाच विम्यात सेवेऐवजी रोख रक्कम घेण्याची मुभा आहे. जपानने ती दिली नाही. तेथील स्त्रियांच्या संघटनांचे म्हणणे असे होते, की रोख रक्कम घरात आली तर सून पुन्हा बिछान्यापाशी बांधली जाईल. घराला हवी आहे ती सेवा. अर्थात ह्या व्यवस्थेला तिच्या अडचणीही आहेत. वर्गणी पंचवीस वर्षांत दुपटीहून अधिक झाली आहे आणि मदतनिसांचा तुटवडा कायमचा आहे. तरीही म्हातारपणाची शुश्रूषा हा घरचा खाजगी प्रश्न न राहता तो गावचा कारभार झाला, हे खरे.

जपान धनवान आहे, आपण कोठून आणावे, असे कोणी म्हणेल. म्हणून दुसरे उदाहरण आपल्याच देशातले घेऊ. १९९३ साली केरळात कोझिकोडे येथील वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार ह्यांसारख्या मंडळींनी असाध्य रोग्यांच्या वेदना कमी करणारी एक लहान संस्था काढली. रोगी इस्पितळापर्यंत पोचत नाहीत हे पाहून त्यांनी परिचारिकेला घरोघर पाठविण्यास आरंभ केला. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात वस्तीवस्तीतून स्वयंसेवक तयार झाले. आठवड्यातले काही तास द्यावयाचे, शेजारातल्या अंथरुणावरच्या माणसाची नोंद ठेवावयाची, परिचारिकेबरोबर जावयाचे आणि लहान लहान देणग्या गोळा करावयाच्या, एवढेच त्यांचे काम. २००८ साली राज्याने ह्यासाठी धोरण जाहीर केले आणि ग्रामपंचायती व नगरपालिका ह्या गृहसेवा चालवू लागल्या. जखम धुणे, नळी बदलणे, औषध पोचविणे आणि घरच्या माणसाला हे सारे करावयास शिकविणे, ही कामे पंचायतीची परिचारिका घरी येऊन करते. ह्यासाठी संगमरवरी इमारत लागली नाही. लागली ती एक गाडी, एक परिचारिका, औषधांची पेटी आणि वस्तीतल्या माणसांची यादी.

आपल्या गावात काय करता येईल?

येथून आपल्याला धडा घेता येईल. शहराच्या प्रत्येक प्रभागात एक लहान केंद्र असावे. पुष्कळ ठिकाणी विरंगुळा केंद्राची खोली आधीच उभी आहे. त्या केंद्राने पाच कामे करावीत. पहिले, प्रभागातील ऐंशीपलीकडच्यांची, एकट्या राहणाऱ्यांची आणि अंथरुणावरच्यांची यादी ठेवणे. ज्याची नोंद नाही त्याची सेवा होत नाही. दुसरे, फिरती परिचारिका आणि व्यायामोपचार करणारा ह्यांना घरी पाठविणे. तिसरे, दिवसाचे सांभाळ केंद्र. मुले जशी पाळणाघरात राहतात तसे सकाळी आणून सोडावे, संध्याकाळी न्यावे. त्यामुळे घरची बाई नोकरीवर जाऊ शकते, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसालाही चार माणसांत दिवस जातो. चौथे, महिन्यातून चार-आठ दिवस तात्पुरता निवास, म्हणजे घरच्यांना विसावा मिळेल. पाचवे, शुश्रूषा करणाऱ्यांचे शिक्षण.

ह्या पाचव्या कामाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. आज ज्यांना परवडते ते ब्यूरोतून मावशी आणतात. ती बारा-बारा तासांची पाळी करते. माणसाला न दुखवता कसे उचलावे, घास अडकला तर काय करावे, हे तिला बहुधा कोणी शिकविलेले नसते. तिच्या पगारातला वाटा मध्यस्थाला जातो. सुट्टी घेतली की दिवस बुडतो. आणि तिला स्वतःला निवृत्तिवेतन नाही. म्हणजे एका वृद्धाची सोय आपण उद्याच्या दुसऱ्या निराधार वृद्धेच्या जिवावर करीत आहोत. नगरपालिकेने वा सहकारी संस्थेने तिला काही महिन्यांचे शिक्षण, प्रमाणपत्र, ठरलेले तास आणि भविष्यनिर्वाह निधी दिला, तर घराला भरवसा मिळेल आणि तिच्या कामाला मान मिळेल. सहकारी साखर कारखाने आणि पतपेढ्या उभारणाऱ्या महाराष्ट्राला सहकारी शुश्रूषा संस्था उभारणे जड जाऊ नये.

पैसा कोठून? ज्यांना शक्य आहे त्यांनी फी द्यावी, ज्यांना नाही त्यांचा भार पालिकेने व राज्याने उचलावा. पहिल्या टप्प्यातील धडधाकट निवृत्तांनी आपला वेळ द्यावा. पासष्टीचा निवृत्त शिक्षक पंच्याऐंशीच्या शेजाऱ्याला आठवड्यातून दोनदा भेटला, औषधे आहेत का पाहिली, बँकेचा कागद भरून दिला, तर दोघांचेही दिवस बरे जातात. ज्येष्ठ नागरिक संघांनी सहली आणि वाढदिवस ह्यांच्या जोडीला हे काम अंगावर घेतले, तर यंत्रणेचा निम्मा पाया आजच तयार आहे. तोपर्यंत ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक प्रत्येक घरी लिहून ठेवलेला असावा.

नळाचे पाणी, दिवाबत्ती आणि वाचनालय ही एके काळी ज्याची त्याची खाजगी बाब होती. ती नगराची झाली, कारण एकेका घराला ती पेलत नव्हती. म्हातारपणाची शुश्रूषा आज त्याच ठिकाणी येऊन पोचली आहे. येत्या पालिकेच्या निवडणुकीत उमेदवार दारी आले, की रस्ते व पाणी ह्यांच्याबरोबर त्यांना आणखी एक प्रश्न विचारावा : आमच्या प्रभागात घरी येणारी परिचारिका केव्हा येणार? हा प्रश्न पुढच्या रांगेतल्या वृद्धांनी विचारावाच. पण मागे उभ्या असलेल्या पन्नाशीतल्या श्रोत्यांनी तो अधिक मोठ्याने विचारावा. २०३६ सालच्या अंदाजात ज्यांची गणना वृद्धांत होणार आहे त्यांत तेही पुष्कळ असतील, आणि उभारावयास वेळ लागणारी ही व्यवस्था तेव्हा सुरू करून चालणार नाही.